बुळकांडी आणि सासूबाई

मी पशुवैद्य आहे, पण माझ्याकडे कुणी कुत्रं-मांजर घेऊन येत नाही. माझं काम दूरच्या बेटांवरचं. तिथल्या पाळीव जनावरांचे रोग जंगलातल्या प्राण्यांकडे जातात का, तिकडून परत गोठ्यात येतात का, हे शोधायचं. नमुने बेटावर घ्यायचे आणि तपासायचे पुण्यात. त्यामुळे वर्षातले काही आठवडे मी समुद्रात असते आणि उरलेला सगळा काळ सदाशिव पेठेतून स्कूटरवरून प्रयोगशाळेत जाते-येते.

लग्नानंतर बरीच वर्षं माझ्या सासूबाईंना हे काम म्हणजे सरकारी खर्चानं केलेली सहल वाटे. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्या, सासरे गेले, नवऱ्याचं आयटीतलं काम सकाळी सुरू होई ते संपतच नसे. घरात बोलायला आम्ही दोघीच. मी बॅग भरायला लागले की त्या दारात उभ्या राहून म्हणत, "निघालात का अंदमानला? आम्ही मात्र पस्तीस वर्षं नकाशावरच दाखवलं."

त्या वर्षी एका बेटावर शेळ्या मरत असल्याचं कळलं. नाकातून शेंबूड, तोंडात फोड, जुलाब, मग दम लागून मरण. लक्षणं बुळकांडीची वाटत होती. माणसाला या रोगाची भीती नाही, शेळ्या-मेंढ्यांचे मात्र कळपच्या कळप जातात. त्या बेटावर चितळंही आहेत. फार पूर्वी कुणी तरी शिकारीसाठी सोडलेली. वाघ-बिबट्या नसल्यामुळे ती मोकाट वाढली आणि आता शेळ्यांच्याच रानात चरतात. म्हणजे मला तातडीनं जायला हवं होतं. आणि निघायच्या आठवड्यात माझ्या सहकाऱ्याला डेंगी झाला.

"नळ्यांवर चिठ्ठ्या लावायला आणि बर्फाची पेटी सांभाळायला तरी कुणी हवं हो," मी जेवताना नवऱ्याला म्हणत होते.

"चिठ्ठ्यांवर अक्षर कसं लागतं?" सासूबाईंनी विचारलं.

"सुवाच्य लागतं, आई. ओलं झालं तरी वाचता यायला हवं."

"मग मी येते."

नवरा हसला. त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाल्या, "यात हसण्यासारखं काय आहे ते आम्हालाही सांगा." त्या 'आम्ही'वर आल्या की विषय संपला, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी त्या मार्केट यार्डातून थर्माकोलच्या दोन पेट्या घेऊन आल्या. माझ्याकडे पेटी होती, पण ती त्यांच्या मते 'नावालाच' होती. एकीत नमुन्यांचा बर्फ राहणार होता. दुसरीत थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजके पोहे आणि लिंबाचं लोणचं. मासळी त्या खात नाहीत आणि तिथं दुसरं काही मिळेल यावर त्यांचा विश्वास नव्हता.

विमान, मग जहाज, मग एक लाँच. जहाजावर मला उलट्या झाल्या, त्यांना नाही. त्या डेकवर बसून कुठल्या दिशेला कोणतं बेट असेल हे शेजारच्या प्रवाशांना समजावून सांगत होत्या.

बेटावरची वस्ती छोटी. दोन-तीन पिढ्यांपूर्वी वेगवेगळ्या मुलखांतून येऊन स्थायिक झालेली माणसं, आपापसात बोलायला हिंदी. सगळ्यांत मोठा कळप एका विधवा बाईंचा होता. वय सासूबाईंच्याच आसपास. निम्म्याहून जास्त शेळ्या गेल्या होत्या. आम्ही त्यांच्या अंगणात गेलो तेव्हा त्यांनी गोठ्याचं दार लावून घेतलं आणि दारासमोर बसल्या.

"खून लेने आए हो," त्या मला म्हणाल्या. "पहले भी आए थे. खून लेकर गए, फिर कोई बताने नहीं आया."

आधी कोण येऊन गेलं होतं ते मला माहीत नव्हतं. मी शास्त्र समजावून सांगायला लागले. रोग ओळखला तर लस देता येईल, चितळांना लागण झाली असेल तर तेही कळेल. बाई ऐकत होत्या, पण उठत नव्हत्या.

सासूबाई पेटी खाली ठेवून त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. "देखो," त्या म्हणाल्या, "हम पुणे का है. हम शिक्षिका था. पेपर लिया तो निकाल देनाच पडता है. ये लडकी का निकाल हम तुमको सांगेगा. चांगला आया तो भी, वाईट आया तो भी."

त्या हिंदीतलं बाईंना किती कळलं कोण जाणे. त्यांनी सासूबाईंकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "आप इसकी माँ हो?"

"सास."

बाई पहिल्यांदाच हसल्या. "सास को साथ लेकर आई है!" म्हणाल्या आणि उठून दार उघडलं.

पुढचे सगळे दिवस आम्ही घरोघरी फिरलो. मी मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचे, नाकात कापसाची काडी फिरवायचे. सासूबाई नळीवर चिठ्ठी लावायच्या. पहिल्या दिवशी त्या शेळ्यांपासून हातभर लांब उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी एक उनाड शेळी सुटली, तेव्हा त्यांनी साडीचा पदर खोचून तिचा मागचा पाय धरला. "आठवी ब मध्ये अशीच एक होती," म्हणाल्या. संध्याकाळी त्या बाईंच्या चुलीवर थालीपीठ लावत. बाई त्यावर नारळाची चटणी घालून खात आणि सासूबाईंना न विचारता त्यांच्याही थालिपिठावर घालत. दोघींच्या गप्पा कोणत्या भाषेत चालत हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी झऱ्यापाशी एक मेलेलं चितळ दिसलं. मादी होती, ताजीच मेलेली. नाकपुड्या शेंबडानं भरलेल्या, ओठांच्या आत फोड. मी हातमोजे घालून नमुने घेत होते. सासूबाईंनी नळीवर चिठ्ठी लावली. मग म्हणाल्या, "यांना तर लस द्यायलाही कुणी नाही गं." त्या चिठ्ठीवरचं त्यांचं अक्षर जरा हललेलं आहे. बाकी सगळी छापल्यासारखी.

पुण्यात परतल्यावर मला घरात परीक्षक मिळाला. मी स्कूटर लावून वर आले की पाणी देण्याआधी प्रश्न येई, "लागला का निकाल?"

"अहो आई, वेळ लागतो."

"बोर्डालासुद्धा इतका लागत नाही."

दर रविवारी त्या बेटावर फोन लावत. तिथं धक्क्यापाशीच तेवढी रेंज होती, आणि बाई त्यांच्या फोनसाठी तिथवर चालत येत. खडकवासल्याच्या धरणात पाणी किती आहे, इथे नळाला पाणी किती वेळ येतं, हेही सासूबाई त्यांना सांगत. बाईंना त्यात काय रस होता देव जाणे, पण पुढच्या रविवारी त्या आवर्जून विचारत, "डॅम भर गया?"

शेवटी निकाल आला. शेळ्यांमध्ये बुळकांडी होती. चितळातही तीच. आणि आम्ही घरोघरी विचारून जे जुळवलं होतं त्यावरून रोगाची वाटही बऱ्यापैकी दिसत होती. बाईंच्या मुलीच्या लग्नासाठी जहाजातून एक बोकड आणला होता. लग्नापर्यंत तो त्यांच्या कळपात राहिला. पहिल्या आजारी पडल्या त्या त्यांच्याच शेळ्या, मग शेजारच्या, मग रानातली चितळं.

मी सासूबाईंना म्हटलं, "बाहेरून आलेल्या जनावरामुळे झालं, इतकंच सांगू या. बोकडाचं कशाला? खात्रीनं सिद्ध झालंय असंही नाही."

त्या भाजी निवडत होत्या. निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "सिद्ध झालं नाही हेही सांगू. पण लपवायचं नाही. मी शब्द दिलाय."

रविवारी दुपारी स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर ठेवला. रोगाचं नाव, लस, चितळ, सगळं मी सांगितलं. पलीकडे वारा ऐकू येत होता.

"आया कहाँ से?" बाईंनी विचारलं.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी फोन जवळ ओढला. "शादी के बोकड से आया होगा, ऐसा लगता है. पक्का नहीं. पण लगता है."

 

"मुझे भी लगा था, दीदी," बाई म्हणाल्या. "किसी से बोली नहीं."

"गाव को हम सांगेगा?"

"नहीं. बकरा मेरा था. मैं बोलूँगी."

फोन बंद झाल्यावर सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मला म्हणाल्या, "आता लस घेऊन लवकर जायचं. पावसाळ्यात लाँच बंद होते, मला सांगितलंय तिनं."

लशी मिळवायला, परवानग्यांना वेळ गेला, पण पावसाच्या आधी आम्ही दोघी पुन्हा पोचलो. बाईंनी गावात सगळं सांगितलं होतं. काही जण रागावले होते. शेजारच्या घरातल्या तर सगळ्या शेळ्या गेल्या होत्या, आणि तिथली बाई त्यांच्याशी बोलणं सोडून बसली होती. तरी लस द्यायला आम्ही निघालो तेव्हा बाई आमच्या पुढे होत्या. प्रत्येक दारात त्या स्वतः हाक मारत, कुणी तोंड फिरवलं तर थांबून राहत. धक्क्याजवळ त्यांनी जावयाकडून बांबूचं एक कुंपण घालून घेतलं होतं. जहाजातून आलेलं जनावर आधी तिथं काही आठवडे वेगळं राहणार, आजारी पडलं नाही तरच गावात. हे करायला मी सुचवलं होतं खरं, पण मी सुचवलेल्या गोष्टी सहसा कागदावरच राहतात.

परतायच्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या उरलेल्या कळपातली एक धडधाकट पाट, म्हणजे तरणी शेळी, दोरीला बांधली आणि शेजारणीच्या अंगणात नेऊन सोडली. शेजारीण बाहेर आली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं तिनं दोरी उचलली आणि पाट आत नेली. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बोलतील. घाई नको."

त्या दोघी अजून फारसं बोलत नाहीत, असं रविवारच्या फोनवरून समजतं. पण त्या शेळीला करडू झालं तेव्हा शेजारणीनं त्यांच्याकडे खरवस पाठवला. बुळकांडी गावात पुन्हा दिसलेली नाही. गेल्या फेरीत मी आणि सहकाऱ्यानं झऱ्यावर आणि रानात फिरून पाहिलं, मेलेलं चितळ सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं आमच्या कामात म्हणता येत नाही, पण बरं वाटलं. सासूबाई त्या फेरीला नव्हत्या. गुडघा दुखत होता. लाँचमधून उतरताच बाईंनी माझ्या मागे पाहिलं, मग सहकाऱ्याकडे, आणि त्याच्या हातातली बर्फाची पेटी नाराजीनं घेतली.

या हिवाळ्यात पुन्हा जायचं आहे. सासूबाई भाजणी भाजायला लागल्या आहेत. परवा हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं की बोटीत चढणं-उतरणं टाळा.

"आजी, तिथं एवढं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"आमच्या शेळ्या आहेत," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही गुडघ्याचं सांगा."