फेब्रुवारीत माल्टाला जाताय? मग छत्री घ्या

पाटणला माझं ताडपत्री, छत्र्या आणि रेनकोटचं दुकान आहे. सायकलवर ताडपत्र्या लादून गावोगाव विकत इथवर आलो. आमचं पोट पावसावर. पण माझी बायको मंगल त्याच पावसाला विटलेली. चार महिने कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं. मी तिला कधी कुठं फिरवलंही नव्हतं, कारण धंदा. यंदा मीच टूरचा विषय काढला, तेव्हा ती कशीबशी तयार झाली.

"येते. पण पाऊस नसंल तिथं न्या. तिथंबी पाऊस दिसला तर ही पयली आन शेवटची टूर."

मोबाइलवर माल्टा सापडलं. भूमध्य समुद्रातलं बेट, फोटोत नुसतं निळं आभाळ. पावसाळा माझ्या हंगामाचा, म्हणून फेब्रुवारीची तिकिटं काढली. हिवाळ्यात पाऊस असतो, हे आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यातच येत नाही. तिकडं सगळं उलटं: उन्हाळा कोरडा ठाक आणि पाऊस थंडीत. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. मला ते विमानतळाच्या दारात कळलं.

मुंबईहून मधे एक विमान बदलून पोचलो. दार सरकलं आणि समोर आडवा पाऊस. मंगल शांतपणे म्हणाली, "आवं, कोयनानगरला उतरलो का काय?"

आणि छत्र्यांचा हा व्यापारी बिनछत्रीचा. वॅलेटा शहराच्या वेशीवर एकाकडं छत्री होती, दहा युरो. माल पाहिला, आपल्याकडं घाऊकला शंभरच्या आतला. मी भाव पाडायला लागलो, तसा तो आभाळाकडं बघून इंग्रजीत म्हणाला, "थांबा हवं तर. पाच मिनिटांत बारा युरो होतील." माणूस आपल्याच लायनीतला. मुकाट्यानं घेतली. पहिल्याच कोपऱ्यावर वाऱ्यानं ती उलटी झाली.

"तुमच्या दुकानातली दिसतीया," मंगल म्हणाली.

राहायला जुन्या दगडी घरातली खोली घेतली होती. ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, त्यामुळं आत बाहेरपेक्षा गार. स्वेटर घरात घालायला न्या. रस्त्याचे दगड ओले झाले की पाय घसरतो, बूट चांगले हवेत. बस स्वस्त, इंग्रजी सगळ्यांना येतं. खायला पास्तिझी: आपल्या पॅटिससारखं, आत वाटाण्याचं सारण, शाकाहाऱ्यांची सोय. शेजारच्या गोझो बेटाची बोट धरायची होती, ती वाऱ्यापायी बंद.

तिसऱ्या सकाळी मंगल हेअर ड्रायरनं मोजे वाळवत बसली होती. "आता घरी असते तर अंगणात ऊन खात बसले असते. पैसं भरून पावसात आलो." टूर बुडाली, पुढच्याही बुडाल्या.

तेवढ्यात घरमालकीण कारमेनबाई हसत वर आल्या आणि आम्हाला खाली घराच्या चौकात घेऊन गेल्या. लोखंडी झाकण उचललं. खाली खडकात खोदलेली विहीर, छपरावरचं पाणी धो धो आत पडत होतं. "गेला हिवाळा कोरडा गेला. या पावसाची आम्ही वाट बघत होतो."

मी मराठीत सांगितलं. मंगल वाकून ऐकत राहिली. तिला दया आली असं मला वाटलं.

"इचारा, उन्हाळ्यात खरंच पडत न्हाई?"

"जून-जुलैत जवळजवळ थेंब नाही," कारमेनबाई म्हणाल्या.

"कपडे?"

"तासाभरात वाळतात."

"आन पापड?" पापड इंग्रजीत कसा सांगायचा? मी हातवारे केले, कारमेनबाईंना ती पोळी वाटली. तरी मंगलचं समाधान झालेलं दिसलं.

दुपारी लख्ख उघडलं. तिथलं हे रोजचंच, घडीत पाऊस घडीत ऊन. बांधांवर हिरवं रान, त्यात पिवळी फुलं. समुद्राकाठी मंगल डोक्यावर शाल घेऊन उन्हात बसली. "चांगलं हाय," म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

घरी आलो. मला सर्दी, तिला कारमेनबाईंचा नंबर. दोघी आपापल्या भाषेत व्हिडिओ कॉल करतात आणि त्यांचं जमतं.

जूनचा शेवट आला. बाहेर पाऊस कोसळत होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मंगल पासपोर्ट घेऊन आली.

"माझं आन थोरल्या आक्काचं तिकीट काढा. कारमेनबाईची खोली मोकळी हाय, इचारलंय."

"आणि मी?"

"तुमचा हंगाम न्हाई का? गिऱ्हाईक बघा की."

समोरचा ताडपत्री मागत होता. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, पाऊस जरा उघडला असता तर बरं झालं असतं.