साडूंची दोन इंजेक्शनं

माझ्या साडूंना कुठलीही गोष्ट एकटी दाखवली, तर ती बरी की वाईट हे साक्षात ब्रह्मदेवालाही त्यांच्या तोंडून वदवून घेता येणार नाही. शेजारी तशीच दुसरी ठेवा, मग बघा कसे खुलतात. ते जयपुरातल्या एका मोठ्या इस्पितळात एमआरआयचे डॉक्टर आणि मी विट्याकडून इथे येऊन जुनं सोनं-चांदी वितळवणारा गलाईवाला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. सासरी ते ‘डॉक्टरसाहेब’ आणि मी ‘भट्टीवाले’. परमुलखात कुणाचं बोट न धरता दुकान उभं केलं मी, आणि पंगतीत पहिलं ताट त्यांना! असो. विसरलेलो नाही, एवढंच सांगतो.

तिलक नगरातल्या त्यांच्या घरी चहापत्ती दोन जातींची, साबण दोन, उशाही दोन तऱ्हांच्या. कुठली चांगली हे पाहुण्याने सांगायचं, पण नाव न बघता. एकदा त्यांनी दोन दुकानांतल्या कांद्याच्या कचोऱ्या आणल्या आणि मला डोळे मिटायला लावले. मी खाऊन म्हणालो, “पहिली फक्कड.” पाणी पाजून त्यांनी पुन्हा दोन चारल्या. मी म्हणालो, “पहिलीच फक्कड.” साडूंनी आनंदाने मांडीवर थाप मारली. “पाव्हणं, मी अदलाबदल केली होती! तुम्हाला कचोरी आवडत नाही, पहिली आवडते. तेव्हा भूक असते ना!” भुकेल्या माणसाला घरी बोलावून असा पाणउतारा करायचा, ही कुठली रीत? आक्का, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, आतून म्हणाल्या, “मला बघायला आले तेव्हा मात्र एकच मुलगी बघून हो म्हणाले.” साडू शांतपणे म्हणाले, “म्हणून तर त्यावर अजून मत दिलेलं नाही.” त्यानंतर आतून जो भांड्यांचा आवाज झाला, त्याची तुलना मात्र कशाशीच होणार नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण एका सकाळी भट्टीसमोर उभा असताना माझ्या उजव्या डोळ्यापुढे कुणी शटर ओढावं तसा अंधार आला आणि काही वेळाने निघून गेला. मानेची सोनोग्राफी झाली. मेंदूकडे रक्त नेणारी धमनी बरीच बुजलेली दिसते, खरंच तेवढी बुजली असेल तर मान उघडावी लागेल, असं सर्जन म्हणाले. मी त्यांच्यावरच उखडलो. “दिसते म्हणजे? आमच्याकडे सोनं नुसतं दिसतं म्हणून कुणी घेत नाही!” बायको माझी बाही ओढत होती.

सोनोग्राफीवर विसंबून चालणार नाही, एमआरआय हवाच होता. आणि नेमकं तेव्हाच साडूंच्या इस्पितळात माझ्यासारख्या रोग्यांवर एक तुलना चालू होती. मानेच्या धमन्या एमआरआयमध्ये उजळून दिसाव्यात म्हणून कॉन्ट्रास्टचं औषध टोचतात. तशी दोन औषधं. एकाच माणसाला आज एक, काही दिवसांनी दुसरं, आणि धमनी कशाने जास्त स्वच्छ दिसते ते बघायचं. रक्त तपासून मूत्रपिंडं ठीक असल्याची खात्री झाली, त्या तुलनेत भाग घ्यायला मी सही केली आणि सवयीने बोलणी सुरू केली.

“पाव्हणं, घरचा माणूस आहे. भारीतलं द्या.”

“भारीतलं कुठलं, तेच तर शोधतोय.”

“मग आज कुठलं देताय?”

“मला माहीत नाही. कॉम्प्युटर ठरवतो, कुणाला आधी हे, कुणाला आधी ते.”

“म्हणजे माझ्या गळ्यात काय घालताय हे तुम्हालाच ठाऊक नाही?”

“हातात घालतोय. गळ्यात ते आपलं आपण जाईल.”

आत त्या नळकांड्यात तंत्रज्ञ मुलगी सांगत होती, “अंकलजी, हिलना नहीं, थूक भी मत निगलना.” औषध धमनीत पोचतं त्याच क्षणी फोटो घ्यायचा. जरा उशीर झाला की शेजारच्या शिराही उजळतात आणि धमनी त्यांत हरवते. हे मात्र मला पटलं. मुशीतला रस ओतायची वेळ चुकली की काय होतं, ते मी जाणतो.

दोन्ही वेळा फोटो निघाले. नावं काढून ते दोन डॉक्टरांकडे गेले. दोघे वेगवेगळ्या खोल्यांत बसले, एकमेकांशी बोलायचं नाही. साडू माझ्याजवळ बाकावर येऊन बसले. मी भडकलो. “अहो, आख्खं खातं तुमचं. आत जाऊन एक नजर टाका की!”

“नाही,” ते म्हणाले. “मी नातलग. मी बघितलं तर मला जे दिसावंसं वाटतंय तेच दिसेल.”

इतक्या वर्षांत त्यांचा आवाज असा कापरा मी ऐकला नव्हता. ते चष्मा पुसत होते, तो स्वच्छच होता.

दोघांचं म्हणणं एकच निघालं. धमनी अरुंद आहे, पण अर्ध्याहून कमी. सर्जनांनी मान उघडायचा बेत सोडला. आता गोळ्या, तंबाखू बंद, आणि वर्षाने पुन्हा तपासणी. मी साडूंना विचारलं, “आता तरी सांगा, कुठल्या दिवशी कुठलं होतं?” म्हणाले, “सगळ्या रोग्यांचं होऊ दे.” अजून सांगितलेलं नाही. घेतलेल्या मालाचं नाव मला कळू नये! हा राग माझ्या खाती कायम आहे.

या दिवाळीनंतर ते निवृत्त होऊन कराडला जायचे होते. घर आवरायला काढलं होतं. परवा आक्कांचा फोन आला. “तुमच्या मानेपायी आमचं कराड राहिलं बघा. म्हणतात, पुढच्या वर्षीचे फोटो होऊ देत, मग निघू.” मी उत्तर द्यायला नेहमीसारखा आवाज चढवायला गेलो. चढला नाही. मग म्हणालो, “आक्का, राहू दे की. घाई काय आहे?”