मामांनी पास केलेली गाडी

जगातल्या तमाम गाड्यांना नापास करण्यासाठी देवानं एकच माणूस पृथ्वीवर धाडला आणि तो नेमका माझ्या आईचा भाऊ निघाला. उज्जैनच्या रेल्वे पार्सल ऑफिसात मामांची उभी हयात गेली. पगार रेल्वेचा, पास रेल्वेचा, क्वार्टर रेल्वेचं; जीव मात्र सगळा रस्त्यावरच्या गाड्यांत. त्यातही मोटारी-बिटारी त्यांच्या खिजगणतीत नव्हत्या. "माणसं काय, पायीसुद्धा जातात. सामान न्यायला अक्कल लागते," असं ते म्हणत. त्यांचं प्रेम पिकअपवर, म्हणजे पुढे छोटी केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या दणकट गाडीवर. गंमत अशी, की मामांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. ते सायकलनं ऑफिसला जात, आणि तीसुद्धा उतार आला की खाली उतरून हातात धरत.

ते नव्वदनंतरचे दिवस होते. तोवर गाडी घ्यायची म्हणजे एकच बनावट, एकच रंग, आणि नंबर लावून बसा वाट बघत. आता एकदम फ्रीगंजात काचेची शोरूमं उघडली आणि त्यांत दोन कंपन्यांच्या पिकअप येऊन उभ्या राहिल्या. एक लांब नाकाची, एक चपट्या तोंडाची. मामांनी त्यांना हीच नावं दिली आणि कंपन्यांची नावं पुन्हा कधी तोंडातून काढली नाहीत. कोणती चांगली, यावरून गावात दोन तट पडले. मामा कुठल्याच तटात नव्हते, कारण त्यांची चौकशी संपली नव्हती. ही चौकशी चाले पार्सल ऑफिसच्या फाटकाबाहेर, चहाच्या ठेल्यावर. मालकाला ते कधी विचारत नसत. "मालिक से क्या पूछना भिया? उसको तो खड़ी गाड़ी भी अच्छी लगती है." विचारायचं ते ड्रायव्हरला. एकदा एका आडदांड ड्रायव्हरनं इंजिन, पाटे, टायर असं बरंच काही ऐकवलं. मामांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, "ये तो हुई सेठ की बात. तेरे को क्या चाहिए?" तो गडी नव्या नवरीसारखा लाजला. म्हणाला, "बाबूजी, सीट पे आड़े पड़ के नींद आ जाए, बस." कुणाला पाण्याचा लोटा न सांडता ठेवायला जागा हवी होती, कुणाला गिअर टाकताना शेजाऱ्याच्या गुडघ्याची माफी मागावी लागू नये असं वाटे. हे सगळं मामा ऑफिसची कामं विसरून ध्यानात ठेवत.

एवढं ज्ञान झाल्यावर परीक्षा घेणं आलंच. रविवारी मामा धुतलेला सदरा घालून शोरूमात शिरत. आधी हौद्याच्या मागच्या फाळक्यावर चढून दोन उड्या मारत. मग बॉनेटला कान लावत, तेही इंजिन बंद असताना. शेवटी ड्रायव्हरच्या सीटवर बसून डोळे मिटत आणि उजवा कोपर खिडकीवर टेकवत. "कोपर खोटं बोलत नाही," हा त्यांचा सिद्धांत. माणूस गाडीत सुखी असला की कोपर आपोआप बाहेर येतो. नसला तर तो बरगडीला चिकटून राहतो. एका टायवाल्या सेल्समननं त्यांना सांगून पाहिलं, "अंकल, ये फॉरेन टेक्नॉलॉजी है." मामा डोळे न उघडता म्हणाले, "तो फॉरेन में बेचो. यहाँ मक्सी का गड्ढोंवाला रास्ता है." निकाल नेहमीचाच, नापास. मामांनी एखादी गाडी पास केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

आणि हेच हेरून आमच्या बाबांनी डाव टाकला. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, पिकअप घ्यायची होती. भैरवगढ़च्या एका छपाईवाल्यानं त्याला शब्द दिला होता, दिवाळीच्या आत गाडी आण, माझ्या सगळ्या छापील चादरी आणि साड्या इंदूरला तूच नेशील. बाबांना तो बँकेच्या परीक्षेला बसायला हवा होता. "दोनशे वर्षं आपल्या घराण्यात सगळ्यांनी बसून काम केलंय," ते म्हणाले. दादा म्हणाला, "गाडी पण बसूनच चालवतात, बाबा." त्यावर बाबा दोन दिवस धुसफुसत राहिले. तिसऱ्या दिवशी बाबा एकदम गोड झाले. "मामा ज्या गाडीला पास म्हणतील, ती खुशाल घे. नाही म्हणाले तर मुकाट्यानं परीक्षेला बसायचं. मंजूर?" दादाचा चेहरा पडला. आईनं बाबांकडे असं पाहिलं, की त्यांना त्या दिवशी भाजीत मीठ मागायचा धीर झाला नाही.

मामांनी मात्र काम एकदम मनावर घेतलं. भरल्या गाडीची परीक्षा झाली पाहिजे, ही त्यांची पहिली अट. ट्रायलच्या गाडीत माल भरता येणार नाही, असं शोरूमवाल्यांनी सांगितलं. मामा म्हणाले, "माल कोण भरतंय? आम्ही नातेवाईक भरू. पोतं बोलत नाही, काकू बोलतात." नवी गाडी आधी चिंतामण गणपतीला न्यायची, ही आमच्याकडची रीत. मामांनी ट्रायललाच तिथे नेली आणि हौद्यात सतरंजी टाकून आमचं अख्खं गोत चढवलं. पहिल्या बुधवारी चपट्या तोंडाची आली. खड्डा आला की आम्ही सगळे वर जायचो आणि खाली येताना दुसऱ्याच कुणाच्या तरी जागी बसायचो. निघताना माझ्याशेजारी काकू होत्या, देवळाशी उतरले तेव्हा मामी होती. काकूंनी आपल्या मणक्याविषयी जे निवेदन केलं, त्यानंतर निकाल सांगायची गरजच राहिली नाही.

पुढच्या बुधवारी लांब नाकाची. स्टिअरिंगवर दादा, मध्ये सेल्समन, खिडकीशी बाबा. बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून शाळेच्या ग्रुप फोटोतल्यासारखे ताठ बसले होते. मामा आमच्याबरोबर मागे. जाताना सगळं बरं गेलं, पण मामांनी निकाल राखून ठेवला. परतताना पाहतो तो सोयाबीननं भरलेली ट्रॉली रस्त्यात आडवी फसलेली. दोन्ही अंगांना पावसानं भिजलेली काळी माती. "वापस चलते हैं," सेल्समन म्हणाला. वळलो असतो तर मामांनी ही गाडीही नापास केली असती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दादा उतरला, मागे आला आणि हळूच म्हणाला, "मामा, काय करू?" मामांनी हात झटकले. "मला काय विचारतोस? ड्रायव्हर तू. मी माल आहे."

दादानं चप्पल काढली आणि चिखलात उतरून पायानं जमीन चाचपली. मग येऊन आमची मांडणी बदलली, वजनदार मंडळी मागच्या चाकांवर, काटक मंडळी पुढे. काकूंना म्हणाला, "काकू, तुम्ही इथे बसलात तरच गाडी निघेल यार." स्वतःच्या वजनाचा एवढा मान काकूंना जन्मात मिळाला नव्हता, त्या राणीसारख्या जाऊन बसल्या. पहिल्या गिअरमध्ये, अजिबात घाई न करता, दादानं गाडी मातीत घातली. चाक फिरलं, चिखल उडाला, मामीनं डोळे मिटले. गाडी क्षणभर थांबली, तिनं जोर लावला आणि ट्रॉलीच्या पलीकडे रस्त्यावर चढली! आम्ही मोरयाचा असा गजर केला, की शेतातले बगळे उडाले.

मामांनी केबिनच्या मागच्या काचेवर टकटक करून गाडी थांबवली. उतरून ते बाबांच्या बाजूला गेले. बाबा बाहेर वाकून ट्रॉलीवाल्यावर ओरडत होते, "अरे, ऐसे खड़ी करते हैं क्या गाड़ी? नए हो क्या लाइन में?" सदऱ्यावर चिखलाचे शिंतोडे, आणि कोपर खिडकीबाहेर, ऐसपैस. "जिजाजी, कोपर," मामा म्हणाले. बाबांनी तो चटकन आत ओढला. पण उशीर झाला होता. "पास!" मामा एवढ्यानं ओरडले, की सेल्समनच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा पुटपुटले, "पण तुम्ही तर कधी कुणाला पास करत नाही." मामा म्हणाले, "शोरूमात आजवर विकणारेच भेटले हो. चालवणारा आज भेटला." दादा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता की रडत होता, मला आजही सांगता येत नाही.

दिवाळीआधी भैरवगढ़चा माल इंदूरला जाऊ लागला. महिन्याभरात बाबाही "हवा खायला" म्हणून केबिनमध्ये बसू लागले. वर्षं भराभर गेली. मामा निवृत्त झाले आणि मुलीकडे पुण्याला राहायला निघाले. त्यांना पोचवायला स्टेशनवर आम्ही होतोच, पण ठेल्यावरचे ड्रायव्हरही झाडून आले होते. बाहेर दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांची ही रांग लागली होती. आगगाडी हलली, मामा दिसेनासे झाले. परत निघालो तर जिन्यावरच दोघा ड्रायव्हरांची जुंपली, एक म्हणे लांब नाकाची, दुसरा म्हणे चपट्या तोंडाची. आवाज चढले. दादानं मध्ये पडून एक हात वर केला आणि म्हणाला, "रुको, रुको. मामा से पूछते हैं." आणि आम्ही सगळेच मागे, रिकाम्या फलाटाकडे वळलो.