पाच वाजेपर्यंतची फाइल

चौकशीला बसवलेल्या माणसाला मी बोलू दिलं नाही. चूक एवढीच, पण ती घटना आठवली की निवृत्तीनंतरही माझे कान गरम होतात.

तेव्हा मी रायपुरात ठाणेदार होतो. विधिमंडळ भाषणांवर चालतं, अशी माझी समजूत होती. ग्रंथालय, सभागृहातला शब्द न् शब्द टिपून घेणारे लोक, आमदारांना माहिती काढून देणारी संशोधन शाखा, या सगळ्यांसाठी दरवर्षी सरकारकडे पैशांची मागणी करावी लागते आणि ती मंजूर झाली तरच दिवे लागतात, हे मला त्या प्रकरणात कळलं.

निनावी फोन आला: संशोधन शाखेतला बाबू पिशव्या भरून फाइली बूढापारा मोहल्ल्यातल्या रद्दीवाल्याला विकतो. मी लगेच जाऊन धडकलो. बाबू त्या दिवशी अर्ध्या रजेवर. मला बरंच झालं. शिपायाकडच्या दुसऱ्या चावीनं कपाट उघडवलं आणि वर मागच्या वर्षाची चिठ्ठी असलेला एक गठ्ठा नमुना म्हणून जप्त केला. पंचनामा, लाखेची सील, मालखान्यात जमा. सही माझी, चांगली ठसठशीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेतून तक्रार आली. यंदाच्या मागणीची, सह्या झालेली मूळ फाइल गायब! संध्याकाळी पाचपर्यंत ती वित्त विभागात पोचली नाही तर शाखेतल्या चार कंत्राटी संशोधकांची मुदतवाढ बुडणार, आणि कपाटाची चावी सांभाळणारा बाबू निलंबित होणार. त्याच्या पेन्शनला दोन वर्षं उरली होती. मी मिशीला ताव दिला आणि त्याला कार्यालयाच्या दारातूनच ठाण्यात आणलं.

"फाइल कपाटात आहे?"

"नाही, पण साहेब..."

"पण-बिण नाही. हो की नाही, तेवढं सांग. काल होती?"

"होती."

"चावी कुणाकडे?"

"माझ्यापाशी. साहेब, मले बोलू तर..."

"रद्दीवाल्याकडे जातोस?"

"दर महिन्याले. घरचे पेपर..."

"लिहा," मी लेखनिकाला म्हणालो, "जातो."

असे चार तास गेले. रद्दीवाल्याकडे माणूस धाडला. तिथे खरंच घरचे पेपर निघाले. तरी मी हटलो नाही.

तीन वाजता मालखाना सांभाळणाऱ्या हवालदारबाई चहा-समोसे घेऊन आल्या. माझं तोंड समोशानं भरलं, म्हणून खोलीत पहिल्यांदाच शांतता झाली. बाईंनी बाबूला विचारलं, "भैया, तुमीच सांगा, कुठं ठेवली होती?"

"दीदी, आमच्याकडे यंदाची मागणी मागच्या वर्षीच्या फाइलीच्या पोटात बांधतेत. वित्तवाले दोन्ही शेजारी ठेवून पाहतेत ना, म्हणून. तो गठ्ठा काल हे साहेबच घेऊन गेले, शिपायानं दारातच सांगितलं मले. सकाळपासून तेच सांगून राहिलो!"

"हव," बाई म्हणाल्या आणि मला न विचारता किल्ल्या घेऊन निघाल्या.

सील तोडली. जुन्या फाइलीच्या पोटात नवी, करकरीत. गुन्हा अजून नोंदला नव्हता म्हणून निभावलं. फाइल परत दिल्याचा सुपुर्दनामा केला आणि फाइल व बाबू, दोघांनाही माझ्याच जीपमधून वित्त विभागात नेलं. पावणेपाचला पोचेचा शिक्का पडला.

त्यानंतर कुठल्याही चौकशीत पहिला अर्धा तास मी गप्प बसू लागलो. निर्दोष माणूस बहुधा पहिल्याच मिनिटाला खरं सांगून टाकतो. आपण बोलत असतो, म्हणून ते ऐकू येत नाही. गप्प बसणं अगदीच जमलं नाही, तर समोसा मागवायचो.

त्या दिवशी परतताना जीपमध्ये मी म्हणालो, "काका, चुकलं माझं. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा, आता अडवत नाही."

बाबूनं पोचेची पावती घडी करून खिशात ठेवली.

"साहेब, इतक्या वर्षांत आमच्या शाखेतून एकच फाइल चोरीले गेली. चोर कोण, ते पंचनाम्यात तुमच्याच सहीनं लिहून आहे."