बडी बाईची मतदानाची सुट्टी

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, तुमच्या वेळी मतदानाला ऑफिसातून सुट्टी मिळायची का? मिळायची. त्या दिवशी कारखाना बंद असे, लोक सकाळीच मत देऊन येत आणि दुपारी डबे घेऊन सहलीला निघत. पण ही सुट्टी देण्याची पाळी एकदा माझ्यावरच आली होती. ती गोष्ट तुमच्या आईलासुद्धा नीट माहीत नाही.

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, पिपलानीत, आमच्या महिला मंडळाचं बालमंदिर होतं. कारखान्यानं एक रिकामं क्वार्टर दिलं होतं, त्यात चाळीसेक मुलं, दोन शिक्षिका आणि एक आया. मी मंडळाची सचिव, म्हणून या तिघींच्या रजा आणि पगार माझ्याकडे. अध्यक्षा मात्र नेहमी कारखान्यातल्या सर्वांत मोठ्या साहेबांच्या पत्नी असत. त्यांना कुणी निवडून देत नसे. साहेबांची बदली झाली की अध्यक्षाही बदलत.

आयाला मुलं बडी बाई म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. उंच, ताठ बाई. एक रडणारं मूल कमरेवर घेऊन दुसऱ्याचं नाक पुसायची, तेवढ्यात तिसरं तिच्या पदराला लोंबकळत असे. अयोध्या नगरकडे तिचा मुलगा गवंडीकाम करायचा, त्याच्या खोलीत ती राहायची. मतदार यादीतलं तिचं नाव मात्र अजून गावीच होतं, रायसेनच्या वाटेवर.

त्या हिवाळ्यात बालमंदिराच्या स्नेहसंमेलनाची तारीख ठरली आणि नेमक्या त्याच दिवशी तिच्या गावाच्या मतदारसंघात पोटनिवडणूक आली. भोपाळमध्ये काहीच नव्हतं. बडी बाईनं मला फाटकापाशी गाठलं.

“बहनजी, उस दिन मेरा वोट है. मैं नहीं आऊँगी.”

ती विचारत नव्हती, सांगत होती.

मी मंडळाच्या बैठकीत विषय काढला. अध्यक्षांना नवल वाटलं. “यहाँ कहाँ वोटिंग है?” मग समजल्यावर त्या मोठ्या मनानं म्हणाल्या, “दो घंटे की छुट्टी दे दीजिए. वोट देकर आ जाएगी.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आमच्या टाउनशिपमध्ये शाळा, दवाखाना, बाजार सगळं घराजवळ. मतदान केंद्र क्वार्टरांच्या मागच्या शाळेत. दूध आणायला जाता जाता मत द्यायचं आणि चहाच्या वेळेला घरी यायचं. मत द्यायला कुणाला बस पकडावी लागते, हे आमच्या डोक्यातच येत नसे.

आमच्या खजिनदार नागपूरच्या होत्या, जिभेच्या तिखट. त्या म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही तर मोठ्या मालकीणबाई झाल्या. सुट्ट्या वाटून राहिल्या. अन् त्या दिवशी नाचातले ते सशे अन् ती खार कोण सांभाळणार? तुम्ही का?”

मी बडी बाईलाच आत बोलावलं आणि दोन तास पुरतील का म्हणून विचारलं. ती दाराशी उभी राहूनच बोलली.

“पिछली बार आधे दिन की छुट्टी मिली थी. दोपहर को पहुँची, तो बोले, अम्मा, तुम्हारा तो पड़ गया. मैं सामने खड़ी थी, और काग़ज़ में मैं वोट देकर जा चुकी थी.” मग म्हणाली, “अबकी सबसे पहले पहुँचूँगी. एक दिन पहले, शाम की बस से जाऊँगी.”

म्हणजे संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी, रंगीत तालमीलाही ती नसणार होती. अध्यक्षा म्हणाल्या, “कल तय करेंगे.”

रात्री जेवताना मी तुमच्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, “कारखान्यात आमच्या शॉपमध्ये तिकडचे दोघं कामाला आहेत. दोघांनाही पगारी सुट्टी दिली. कायदाच आहे तसा. कारखाना कुठं आहे ते बघायचं नाही, माणसाचं मत कुठं आहे ते बघायचं.”

“पण हे तर बालमंदिर.”

“पगार देता ना तिला? मग मालक झालात.” मग वर बघून म्हणाले, “हे तू साहेबांच्या बायकोला सांगणार?”

“सांगणार.”

“बरं. मग मला हरिद्वारच्या कारखान्यात बदली मिळेल. गंगाकाठी राहू.” आणि त्यांनी शांतपणे आणखी आमटी वाढून घेतली.

बदली झाली नाही. अध्यक्षांनी माझं सगळं ऐकून घेतलं. तारीख बदलणं शक्य नव्हतं, पाहुणे बाहेरगावचे होते. तेव्हा त्या म्हणाल्या, “ठीक है. दोनों दिन की छुट्टी, पूरी पगार. आया का काम हम कर लेंगे.”

ते काम काय असतं, ते त्यांना संमेलनाच्या दिवशी कळलं. सशांना कान लागले आणि लगेच तिघांना शू लागली. पोशाख मागून टाचण्यांनी बंद केलेले, त्या काढायच्या कुणी? अध्यक्षांनी पाटणची सिल्कची साडी खोचली आणि एकेकाला घेऊन मोरीकडे पळाल्या. खारीनं बडी बाई हवी म्हणून भोकाड पसरलं. खजिनदारबाईंनी तिला उचललं, तर ती त्यांच्याच खांद्यावर झोपून गेली आणि नाच खारीशिवाय झाला. पाहुण्यांना काही कळलं नाही. ते शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होते.

माझं मन अर्धं तिकडेच होतं. बस मिळाली असेल ना, पुन्हा कुणी आधीच तिच्या नावावर मत दिलं नसेल ना.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली. अध्यक्षा, खजिनदारबाई आणि मी पोशाखांच्या घड्या करत होतो. तिनं डाव्या हाताचं बोट पुढं केलं. शाई अगदी ठळक होती. अंधार असतानाच ती गावातल्या शाळेच्या, म्हणजे मतदान केंद्राच्या, पायरीवर जाऊन बसली होती, म्हणे. मतदानासाठी आत मुक्कामाला असलेला माणूस म्हणाला, अम्मा, अभी तो हमने मुँह भी नहीं धोया.

“फिर?” अध्यक्षांनी विचारलं.

“फिर क्या. मैंने कहा, धो लो, मैं बैठी हूँ.”

खजिनदारबाईंना राहवेना. “वो तो ठीक है, बाई, पर वोट दिया किसको?”

बडी बाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ती शर्टाचं बटण चघळणाऱ्या मुलाकडे पाहायची.

“आपको बता दूँ? फिर वो मेरा कहाँ रहा?”

अध्यक्षा इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली घडी सुटली. बडी बाईनं ती उचलली, दोन्ही बाजूंनी झटकली आणि पुन्हा घातली. मग आम्ही घातलेल्या बाकीच्या घड्याही तिनं एकेक करून मोडल्या आणि नव्यानं घातल्या.