गाडीवर हाईस का?

उदगीरहून लातूरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये एक काका वर्षभर माझ्या शेजारी बसत. वय साठीचं, काम डाळमिलमध्ये. मी शिक्षक, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

फोन वाजला की ते आधी विचारायचे, "गाडीवर हाईस का?" पलीकडून हो आलं की लगेच फोन बंद करायचे.

एकदा मी हसून म्हणालो, "काका, ऐकून तरी घ्या. महत्त्वाचं असेल काही."

ते पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "पोरगं मोटरसायकलवर घराकडं निघालं होतं, सर. मिलमधून मीच फोन लावला, कुठवर आलास म्हणून. एका हातात हँडल, एका हातात फोन. 'आलोच बाबा' म्हणलं, अन् मग नुसता आवाज आला."

त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"पोलिसांनी ट्रकवाल्याला लई इचारलं. मला कुणीच न्हाई. फोन कुणाचा होता, ते त्याच्या मायला अजून ठाऊक न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी जागा धरली होती. ते बसमध्ये चढले, माझ्याकडे न बघता पुढं गेले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले.