जागरणाच्या गोळ्या

साठ सालाच्या आसपास मी दारव्ह्याला औषधाच्या दुकानात कामाला होतो. जिनिंगमधला एक मजूर संध्याकाळी यायचा. अंगावरचा कापूस झटकून, हात धोतराला पुसून मगच काउंटरजवळ यायचा. तो मॅट्रिकला बसणार होता. अभ्यासासाठी जागरणाच्या गोळ्या मागायचा आणि मी चिठ्ठी न पाहता द्यायचो.

दोन महिन्यांत त्याची भूक मेली, तो वाळला. बोलताना सारखा मागे वळून पाहू लागला. "लोकं माह्या मांगं लागून राह्यले, भाऊ," तो म्हणाला. मार न लागताच दंडावर उठलेले काळेनिळे डाग त्यानं दाखवले. हिरड्यांतून रक्त येत होतं. "अशक्तपणा आहे," म्हणत मी पुन्हा त्याच गोळ्या दिल्या.

एका दुपारी त्यानं मुकादमावर दगड उगारला. लोकांनी त्याला धरून आमच्या दुकानाशेजारच्या डॉक्टरांकडे आणलं. डाग पाहून डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध घेतोस का? कोण देतं?"

मी दवाखान्याच्या दारातच होतो. त्यानं माझ्याकडे बोट केलं. "हे भाऊ सोडून सारे माह्या जिवावर उठले," तो म्हणाला.

डॉक्टरांना ते भ्रमातलं बोलणं वाटलं. मी गोळ्यांचं नाव सांगितलं नाही. त्याला नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात नेलं. पुढे त्याचं काय झालं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.